दोनशे चौदाव्या पानावरचे चष्मेवाले

चष्मेवाल्यांनी उभ्या आयुष्यात एकही पुस्तक अर्धवट सोडलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते पदक मिरवावं तशी सांगत. फ्रेममध्ये एक काच बसवून दुसरी उद्यावर टाकायची त्यांची पद्धत नव्हती, मग पुस्तकाला वेगळा न्याय कशाला? पुस्तक आवडलं का, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "वाचून संपवलं." यातच काय ते समजून घ्यायचं.

अशा माणसाच्या हाती एका पुलाच्या बांधकामावरची सहाशे चाळीस पानांची कादंबरी पडली. रोज सकाळी दुकान उघडलं, काचेच्या कपाटांवर फडकं मारलं, की गिऱ्हाईक येईपर्यंत ते ती वाचायला बसत. दुसऱ्या पानावर जांभई, तिसऱ्यावर डुलकी. उठल्यावर कुठवर आलो होतो ते आठवायचं नाही, म्हणून दोन पानं मागून पुन्हा सुरुवात. अशी दोन वर्षं गेली आणि मुक्काम होता दोनशे चौदाव्या पानावर.

बायको जेवताना विचारायची, "काय हो, पूल कुठवर आला?"

"अजून जमीन मोजतायत."

"नीट मोजू द्या. घाई नको."

त्या दोन वर्षांत त्यांनी दुसरं काहीच वाचलं नाही. बायकोची मात्र चाळीसेक पुस्तकं झाली. त्यातली निम्मी तिने मध्येच टाकली होती आणि तिला त्याचं काडीचं वाईट वाटत नव्हतं. कंटाळा आला की ती पुस्तक मिटून भाजी निवडायला घ्यायची. चष्मेवाल्यांना हे बघवत नसे.

एका दुपारी चष्म्याची काडी तुटली म्हणून एक उंच म्हातारे गृहस्थ दुकानात आले. चष्मेवाले बारीक स्क्रू शोधत असताना गृहस्थांनी काउंटरवरचं पुस्तक उचलून अगदी नाकाशी धरलं.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"चांगलं आहे."

"कुठवर आलात?"

"दोनशे चौदा. दोन वर्षं झाली."

गृहस्थांनी पुस्तक पालथं केलं. मागे काळ्याभोर केसांच्या एका तरुणाचा फोटो होता. केस गेले होते, पण नाक तेच होतं. चष्मेवाल्यांच्या बोटातला स्क्रू निसटून खाली पडला.

"डोळे तपासताना तुम्ही विचारता ना, ही ओळ दिसते का?" गृहस्थ म्हणाले. "माणूस भिडेखातर हो म्हणाला तर काय होतं?"

"नंबर चुकतो."

"मग खरं सांगा."

चष्मेवाले गुडघ्यांवर बसून स्क्रू शोधत होते. खालूनच म्हणाले, "जरा धूसर आहे."

गृहस्थांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं. लागलं असणारच त्यांना. मग खुर्ची ओढून बसले. "मलाही तसंच वाटलं. छापून आल्यावर वाचायला घेतलं आणि तीनशेच्या आसपास ठेवून दिलं."

"तुम्ही? स्वतःचंच?"

"तरुण होतो. लिहीत सुटलो. थांब म्हणणारं कुणी नव्हतं."

चष्मेवाल्यांनी काडी बसवली, चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला. मग राहवेना. "पूल होतो का हो शेवटी?"

"नाही होत. पण तुम्ही दुकान चालवा. त्या लोकांसाठी थांबू नका."

संध्याकाळी घरी जाऊन चष्मेवाल्यांनी जाहीर केलं, "मी पुस्तक सोडलं." बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पण एकदा चटक लागली म्हणताना स्वारी ऐकेना. पुढच्या महिन्यात त्यांनी सहा पुस्तकं टाकली, त्यातलं एक तर प्रस्तावनेतच. नाटकाला गेले तर मध्यंतरात उठून आले. व्याही फोनवर आपल्या गुडघ्याची हकिगत सांगू लागले तेव्हा हे म्हणाले, "बरं, बाकीचं राहू दे." मग मात्र बायकोने हातातली भाजी खाली ठेवली.

"पुस्तकं सोडा, हवी तेवढी. माणसं शेवटपर्यंत ऐकायची. आधी त्यांना फोन लावा."

त्यांनी फोन लावला आणि अर्धा तास गुडघा ऐकला.

सातवं पुस्तक बायकोनेच हातात ठेवलं. एका दाईच्या आयुष्यावरचं, बेताच्या जाडीचं. चष्मेवाल्यांनी ते चार दिवसांत निम्मं वाचलं आणि मग अचानक रोजचं एकच पान वाचू लागले.

"हेही कंटाळवाणं निघालं का?" बायकोने विचारलं.

"नाही गं," ते जरा ओशाळून म्हणाले, "संपत आलंय."

साठ वर्षांत पुस्तक संपलं की त्यांना सुटल्यासारखं वाटायचं. संपू नये असं कधी वाटलंच नव्हतं.