मामंजींचं नाव

आमच्या पारधी वस्तीलगतचा गायरानातला एक तुकडा आमच्या घरानं तीन पिढ्या कसला. वडील गेल्यावर गावातल्या एका जमीनदारानं त्याला तारेचं कुंपण घातलं आणि प्रकरण बीडच्या कोर्टात गेलं. आजोबांपासून कब्जा आमचाच होता, हे सिद्ध करायचं होतं. निजामाच्या वेळच्या एका उर्दू कागदावर कसणाऱ्याचं नाव सापडलं. ते आमच्या आजोबांचंच, असं सांगू शकणारं माणूस एकच उरलं होतं, माझी आई.

वस्तीतली मी पहिली पदवीधर. शाळेतल्या गुरुजींनी मला जीव तोडून शिकवलं, वकीलसाहेबांनी फी न घेता केस हातात घेतली. त्यांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. निदान आईची तयारी मी करून घेईन, असं मी वकीलसाहेबांना सांगितलं. अवघड एवढंच होतं की आमच्याकडं सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत. आईनं ते जन्मात कधी घेतलं नव्हतं.

साक्षीच्या दिवशी बीडला जाताना मांजरसुंब्याला एसटी थांबली तेव्हा मी परत विचारलं, "आई, घेशील ना नाव?"

"घेते म्हनलं ना! किती डोकं खातीस? तुझ्या बापानं बी एवढं न्हाई खाल्लं. आधी भजी आन."

साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र आमच्या वकिलांनी सासऱ्याचं नाव विचारताच तिनं पदर पुढं ओढला. परत विचारलं.

"साहेब, तुमच्या कागदात हाय की. तुमी वाचा, मी मान हलवते."

"मावशी, तुम्हालाच सांगावं लागेल," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

समोरचे वकील हसले. "नाव ठाऊक नाही, अन् म्हणे सासरा!"

"ठाऊक कावून न्हाई?" आई त्यांच्याकडं वळली. "तुमच्या घरच्या बाईला इचारा, ती तरी घेती का सासऱ्याचं नाव चारचौघांत!"

कोर्टात हशा पिकला. मी बाकावरूनच हात जोडले. आईनं माझ्याकडं पाहिलं, डोळे मिटले आणि नाव घेतलं. फार हळू. टायपिस्टला ऐकू गेलं नाही, म्हणून तिला ते दुसऱ्यांदा घ्यावं लागलं.

गाव आल्यावर ती घरी न जाता सरळ तुकड्याकडं निघाली. कुंपणाच्या आत, बोरीच्या बुडाशी आजोबांना पुरलं होतं.

"मामंजींच्या पाया पडून येते. चुकले म्हनते."

निकाल लागेपर्यंत आत जायला दोन्ही बाजूंना कोर्टाची मनाई होती. कुणी फोटो काढला तर केस बिघडेल, हे मला कळत होतं.

"आई, न्हाई जाता येत."

"कोन बघतंय गं? एका दमात जाते अन् येते."

"न्हाई म्हनले ना."

ती तार धरून लई वेळ उभी राहिली. मग तिथूनच वाकली.

गेल्या साली आई गेली. तारखा अजून पडतात, मी प्रत्येक तारखेला जाते. वकीलसाहेब म्हणतात, आईची साक्ष भक्कम आहे. निकाल आमच्या बाजूनं लागेल, असं मलाही वाटतं. पण बोरीपर्यंतची ती थोडी पावलं त्या दिवशी तिला चालू द्यायला हवी होती, असं आता सारखं वाटतं. उद्या कुंपण निघालं, मी आत गेले, तरी मी त्यांची नात. सुनेनं मागायची माफी मला मागता येणार नाही.