डेंगळ्यांतल्या माश्या मोजणारा रंगा

"साहेब, हांडेसाहेब गेले," शिपाई दारातूनच म्हणाला. मी टेलिफोनवर होतो. रिसीव्हरवर हात ठेवून मी विचारलं, "कुठं गेले?" तो नुसता चौकट धरून उभा राहिला. मला वाटलं, रंगा दमून घरी गेला असेल. दोन तासांपूर्वीच तर मी त्याला सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसवून आलो होतो. अत्यवस्थ होती ती आत खाटेवरची मजूर बाई. गेली असती तर ती गेली असती. रंगाला काय झालं होतं?... महिना उलटून गेला तरी तो प्रश्न माझ्या तोंडात तसाच अडकून आहे. "कुठं गेले?"

रंगनाथ हांडे म्हणजे किड्यांचा माणूस. कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. मी खाटेखाली ट्रंक ठेवायचो, तो कंदिलाच्या फुटक्या काचांत अळ्या पाळायचा. वर मलमलीचं फडकं बांधलेलं, आत रोज ताजा पाला. तो कर्जतकडच्या कोरडवाहू रानातला. लहानपणी त्यांच्या ज्वारीचे पोंगे, म्हणजे मधले कोवळे शेंडे, वाळून जायचे, तेव्हा आई म्हणायची, पिकाला नजर लागली. दहा वर्षांच्या रंगानं एक ताट उपटून उभं चिरलं आणि आतली पांढरी अळी आईच्या तळहातावर ठेवली. "ही बघ तुझी नजर." हे सांगताना तो दर वेळी हसायचा, पण त्याच्या आयुष्याची दिशा तिथंच ठरली होती. पुढं मी शेती खात्यात विस्ताराच्या कामावर संगमनेरला आलो आणि तो राहात्याच्या बाजूला एका लहानशा संशोधन केंद्रावर लागला. आठवड्यातून दोनदा त्याची फटफटी आमच्या कचेरीसमोर थांबायची. चहा घ्यायचा आणि प्रवरेकाठच्या केरूनानांच्या रानात जायचं, हे ठरलेलं.

केरूनाना बियांसाठी कांदा धरत. त्या पिकाला आमच्याकडे डेंगळे म्हणतात. माघ-फाल्गुनात पोकळ दांड्यांवर पांढरे गोल गोंडे उभे राहतात आणि सगळं रान गुणगुणायला लागतं. रंगा त्या गोंड्यांसमोर उकिडवा बसायचा, मनगटावरच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवून दहा-दहा मिनिटं माश्या मोजायचा. पहिल्या वर्षी केरूनानांना ते पोरखेळ वाटलं होतं. "साहेब, माश्या मोजून पीक वाढतं व्हय? त्या मध खात्यात न् जात्यात. माज्या डेंगळ्याला काय देत्यात?" रंगानं वाद घातला नाही. मच्छरदाणीचं कापड आणलं आणि त्यांच्याच हातानं पाच गोंडे झाकून घेतले. काढणीच्या वेळी त्यांच्याच तळहातावर दोन्हीकडचे गोंडे चोळले. उघड्या गोंड्यांतून काळंभोर बी पडलं. झाकलेल्यांतून निघाला तो भुसा. फुंकर मारली तर उडून गेला. केरूनानांनी हातावरचं काळं बी बोटानं सारखं केलं. मग म्हणाले, "म्हंजी ही माशी आमचा गडी हाय म्हना की!" रंगा इतका खूश झाला की परतताना त्यानं मला तीन वेळा तेच वाक्य ऐकवलं, नानांच्या आवाजात.

यंदा डेंगळ्यांवर फुलकिडे अतोनात पडले. पात चंदेरी पडून वाळायला लागली. लोक घाबरून कचेरीत आले आणि मी सांगितलं, जालीम औषध फवारा, लगेच फवारा. वरून तसाच आदेश होता आणि मलाही ते पटलेलं होतं. केरूनानांच्या शेजारच्या रानात पहिली फवारणी झाली. दुसऱ्या दिवशी रंगा आला. बांधाच्या कडेला मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. तो मला म्हणाला, "फुलं संपेपर्यंत तरी थांबायचं होतंस. नाहीच जमलं तर सौम्य औषध, तेही दिवस मावळताना, माश्या घरी गेल्यावर."

मी चिडलो. "तुझ्या माश्यांपायी शेतकऱ्याचं रान वाळू द्यायचं का?"

"माश्यांचं सोड. बाटलीवर कवटी छापली आहे, ती औषध कालवणाऱ्या बायांना कुणी दाखवली का?"

"सांगितलंय सगळ्यांना," मी म्हणालो. मी सांगितलं नव्हतं. म्हणजे... मालकाला सांगितलं होतं, घाईत, जीपमध्ये बसता बसता.

आठ दिवसांनी त्याच रानात दुसरी फवारणी होती. मी जीप घेऊन गेलो होतो, रंगा केरूनानांच्या डेंगळ्यांत मोजणीला बसला होता. चंद्राबाई नावाची मजूर बाई औषध कालवलेली बादली डोक्यावर घेऊन येत होती. बांधावर तिचा पाय घसरला आणि बादली अंगावर उलटी झाली. ती हसतच उठली, पदर पिळला आणि पुन्हा कामाला लागली. आमच्यापैकी कुणी ते पाहिलं नाही, बायांनी नंतर सांगितलं. अर्ध्या-पाऊण तासानं ती वाफ्यात आडवी पडली, तोंडाला फेस. पहिला धावला तो रंगा. त्यानं तिला खांद्यावर घेतली आणि विहिरीपर्यंत पळत नेली. बायांना ओरडून सांगितलं, "आधी लुगडं काढा तिचं, लांब फेका, साबण लावून अंग धुवा!" केरूनानांच्या धोतरात गुंडाळून तिला जीपमध्ये घातलं. रस्ताभर तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. दवाखान्यात शिरता शिरता त्यानं डॉक्टरांना विषाचं नाव सांगितलं, उतारा कोणता तेही सांगितलं. डॉक्टर मला नंतर म्हणाले, ते नाव कळलं नसतं तर बाई हाती लागली नसती.

आणि तो स्वतः?... त्याचा शर्ट तिच्या लुगड्यातल्या औषधानं खांद्यापासून कमरेपर्यंत ओला होता. मी तो पाहिला होता. बाकावर बसल्यावर त्याला दरदरून घाम आला होता, तोही मी पाहिला आणि उन्हाचा समजलो. डोळे चोळत तो म्हणाला, "आज सगळं अंधुक अंधुक दिसतंय रे." मी म्हणालो, "चाळिशी जवळ आली, चष्मा लाव आता." तोही हसला. मग म्हणाला, "तू जा, बाईच्या घरी निरोप धाड." विष अंगात भिनलं की बाहुल्या बारीक होतात, नजर धूसर होते, हे गावोगावच्या सभांत सांगत फिरणारा माणूस तो. त्याला कळलं नसेल? की आत बाईचं काहीतरी मार्गी लागेपर्यंत त्याला स्वतःकडं बघायचं नव्हतं? गेले आठ दिवस तो केंद्रावर स्वतःही फवारणीचे प्रयोग करत होता. अंगात आधीच विष साठलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. बाकावरून तो कोसळला तेव्हा त्यांनी करायचं ते सगळं केलं. दिवेलागण व्हायच्या आत संपलं होतं.

रंगाच्या घरी गेलो तेव्हा शालिनीवहिनी रडल्या नाहीत. मला पाहिल्यावर एवढंच विचारलं, "भावजी, त्यांनी शर्ट का नाही हो बदलला?"

तीन आठवड्यांनी चंद्राबाई कचेरीत आली. भावाच्या आधारानं, पाय ओढत. "साहेब, त्या दिशी मला उचलून नेलं ते साहेब कुठं असत्यात? त्यास्नी भेटायचं हुतं." तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती होती तिथं फरशीवर बसली.

"माज्यामुळं?"

"नाही बाई. माझ्यामुळं." हे मी तोवर स्वतःशीही बोललो नव्हतो.

मग हळूच म्हणाली, "त्यास्नी लेकरं किती?"

"दोन मुली."

तिनं डोळ्यांना पदर लावला. त्याच दुपारी मी वर कळवलं की फुलोऱ्यातल्या फवारणीचा सल्ला मी यापुढं देणार नाही. उत्तर अजून आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात केंद्रावरून निरोप आला, हांडेंच्या खासगी वस्तू घेऊन जा. त्याच्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास कोंडला होता. टेबलावर काचेच्या झाकणाची लाकडी पेटी होती. आत टाचणीला लावलेल्या माश्यांच्या रांगा आणि प्रत्येकीखाली नखाएवढी चिठ्ठी: गाव, पीक, पकडणाऱ्याचं नाव. रं. हांडे. रं. हांडे. रं. हांडे... शेवटच्या ओळीतल्या एका माशीखाली माझं नाव होतं.

मला आठवेना. मग आठवलं. आमचं भांडण झालं त्या दिवशी मी बांधावरची एक मेलेली माशी उचलून त्याच्या हातावर ठेवली होती आणि म्हणालो होतो, "घे, हिच्यावाचून जग बुडत नाही." त्यानं ती कागदात घडी करून खिशात टाकली होती. केंद्रावर जाऊन तिचे पंख नीट पसरले होते, टाचणी लावली होती, आणि आपल्या बारीक, सरळ अक्षरात माझ्या नावाखाली लिहिलं होतं: 'फवारणीनंतर, दुसरा दिवस.' बस्स. राग नाही, टोमणा नाही.

बाकी सगळ्या वस्तू मी वहिनींना पोचवल्या. ती पेटी नेऊन द्यायला मात्र अजून धीर होत नाही.