पाठमोरा माणूस

आमची पोस्ट उत्तरेकडच्या बर्फात होती. उंची पंधरा हजार फूट. मी हवालदार, अकरा जणांच्या पेट्रोलचा, म्हणजे गस्तीच्या तुकडीचा, कमांडर, गाव वरवे बुद्रुक. नाईक बापू वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातला. एवढ्या मोठ्या फौजेत शेजारच्या तालुक्यातला माणूस भेटला म्हणून तो हक्काने छळायचा. "उस्ताद, तुमी हायवेवरचं लोक. तुमाला डोंगर काय कळनार?" मी त्याला दोन शिव्या हासडायचो आणि माझ्यातला गूळ द्यायचो.

आठवड्यातून दोनदा पुढच्या पोस्टला रेशन पोचवायचं. वाटेत बर्फाचा एक उतार आडवा ओलांडावा लागे. नियम ठरलेला. नऊला ऊन येतं, त्याआधी पार व्हायचं. एका वेळी एकच माणूस. बर्फ सुटला तर इशारा द्यायला कडेला एक लुकआउट, तोंडात शिट्टी.

त्या दिवशी 0630 ला निघायचं होतं. थंडीने रेडिओ सेटची बॅटरी बसली. दुसरी अंगाशी धरून गरम करण्यात चाळीस मिनिटं गेली. 0740 ला उताराशी पोचलो. लुकआउट मीच.

"चार्ली फॉर अल्फा. क्रॉसिंग शुरू. ओव्हर."

"अल्फा, रॉजर. आउट."

चार जण पार झाले. पाचवा बापू. 0806 ला तो मधोमध थांबला आणि त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. शिट्टी फुंकली तोवर उतारावरचा सगळा बर्फ सुटला होता. दोन तासांनी बापू सापडला. श्वास नव्हता.

चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. तो मीच ठेवला. बॅटरी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेतली असती तर? बापूला आधी पाठवलं असतं तर? चहा पुन्हा गरम करत बसलो नसतो तर? रोज एक नवा 'तर' सापडायचा. पेट्रोल मात्र मी पहिल्यासारखंच नेत होतो. पुन्हा कुणी जाईल ही भीती होती आणि करायचं काय ते सुचत नव्हतं.

सुट्टीत वेल्ह्यापर्यंत ST ने गेलो, पुढे चालत. बापूचे वडील मेंढरांना पाणी दाखवून आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. चाळीस मिनिटांवर येऊन अडखळलो.

"तात्या, चूक माझी आहे."

ते म्हणाले, "यळंचं ऱ्हाऊ द्या. ती गेली. तुमी हुबं हुता कुठं?"

"कडेला. लुकआउट."

"त्वांड कुनाकडं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

"बापूकडं," मी म्हणालो.

तात्यांनी मान हलवली. आवाजात राग नव्हता. "पावसात दरडीखालनं मेंढरं काढताना आमी एक गडी पाठमोरा हुबा करतो. त्यानं मेंढरांकडं बघायचं न्हाई. कोकरू वराडलं तरी न्हाई. ज्याच्यावर आपला जीव, तिकडं नजर गेली की डोंगर दिसत न्हाई, सायेब."

मी थक्क झालो. ज्याचा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर गेला, तो माणूस माझ्या शंभर 'तर'मधून हाताने करण्याजोगा एक वेचून माझ्याच हातात देत होता.

युनिटमध्ये परतल्यावर मी मेजर साहेबांना विचारलं. "करून बघ," ते म्हणाले. तेव्हापासून आमचा लुकआउट माणसांकडे पाठ करून उभा राहू लागला. हे फार अवघड असतं. मागे कुणी घसरलं, कुणी ओरडलं की मान आपोआप वळते. पहिल्या दिवशी माझीच तीनदा वळली.

पुढच्या हिवाळ्यात, एका सकाळी 0812 ला, मागून शिपायाचा आवाज आला, "उस्ताद, पाँव फँस गया!" मी वळलो नाही. वर, कड्याखाली, पेन्सिलीने ओढावी तशी बर्फात एक रेघ उमटली. शिट्टी फुंकली. कडेच्या दोघांनी त्याच्या कमरेला बांधलेला दोर ओढला. शिपाई एक बूट तिथेच सोडून कडेला येऊन पडला, आणि मग अख्खा डोंगर खाली आला. पायांखालची जमीन थरथरली, आकाश दिसेनासं झालं. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. एवढी प्रचंड गोष्ट मी पुन्हा पाहिली नाही. शांत झाल्यावर मोजले. अकराच्या अकरा.

संध्याकाळी सॅटेलाइट फोनवर पाच मिनिटं मिळाली. मी घरी न करता तात्यांच्या पुतण्याच्या मोबाईलवर फोन केला.

"तात्या, आज उतार सुटला. सगळे हाईत."

"सगळं?"

"व्हय. अकरा."

पलीकडून मेंढरांचा आवाज येत राहिला. मग तात्या म्हणाले, "लई ब्येस झालं. आता ठेवा फोन, सायेब. मला माज्या बापूसाठी रडू द्या."