तात्यांचं दुखणं थांबलं तेव्हा

मणक्याच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण चालू होतं. “मणका मोडलेल्याला फळीसारखं सरळ उचलायचं. कंबर वाकली की मज्जारज्जू जातो,” सर सांगत होते. मी हाडावर ड्रिल धरलं आणि बैलाची शिंगं तासून साळताना यायचा तसा वास आला.

वडगाव निंबाळकरच्या गोठ्यात शिंगं साळतानाच बैलानं माझ्या वडिलांना, तात्यांना, दगडी गव्हाणीवर आपटलं होतं. ते विव्हळत पाय झाडत होते. शेजारी धावले. कुणी काखेत हात घातले, कुणी पाय धरले. मधे कंबर झोळीसारखी लोंबली.

“हळू उचला, दुखतंय त्यास्नी,” आई म्हणाली.

बाजेवर ठेवल्यावर तात्या शांत झाले. “आता पाय कायबी दुखत न्हाईत,” म्हणाले.

आईनं देवाला हात जोडले आणि सगळ्यांना चहा ठेवला.

तात्यांचे पाय पुन्हा कधीच दुखले नाहीत.