सरकारी कोंबड्याची विहीर

तंजावूरच्या राजवाड्यामागे आमची गल्ली. तिथे सकाळी सकाळी एक दृश्य फुकट पाहायला मिळे: कपाळी गोपीचंदन, तोंडात स्तोत्र आणि काखेत उपरण्यात गुंडाळलेला पांढराशुभ्र कोंबडा. हे आमचे शेजारी सेतुमामा, इंग्रज सरकारच्या ग्रामसुधार खात्यातले कारकून. जन्मात अंड्याला न शिवलेल्या या माणसावर खात्याने खेड्यांची गरिबी हटवण्यासाठी विलायती कोंबडे वाटायचं काम सोपवलं होतं.

ओरत्तनाडूपलीकडच्या एका कोरड्या गावी ते कोंबडा द्यायला निघाले, तेव्हा त्यांच्या हाताखालचा उमेदवार म्हणून गाडीत मीही होतो. गावातल्या पेच्ची नावाच्या बाईने कोंबडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "रायर, हा पिणार काय? आम्हीच दोन कोसांवरून पाणी आणतो." तमिळ माणसं आम्हा तंजावरच्या मराठी लोकांना रायरच म्हणत.

विहिरीसाठी गावाने केलेले सगळे अर्ज 'तरतूद नाही' म्हणून परत आलेले. मामांनी गाडीतच नवा अर्ज लिहिला: सरकारी मालमत्ता असलेला कोंबडा तहानेने धोक्यात आहे. मी म्हटलं, मामा, यात माणसं कुठे आहेत?

"अर्जात माणूस घालू नये रे. अर्ज जड होतो, वर चढत नाही."

विहीर मंजूर झाली! अट एकच, कोंबडा नसेल तर विहीर बुजवावी. पाणी लागलं, पाटीही लागली: 'फक्त सरकारी कोंबड्यासाठी'. आणि आठ दिवसांत मुंगसाने कोंबडा नेला.

नेमका तेव्हाच साहेब तपासणीला आला. विहिरीवर बायकांची ही रांग! सगळ्यांच्या घागरी जागच्या जागी थांबल्या. या काय करताहेत, असं साहेबाने विचारलं.

"कोंबड्यासाठी पाणी नेताहेत," मामा म्हणाले.

"इतकं?"

"उन्हाळा आहे, साहेब."

"आणि कोंबडा?"

मामांनी उपरणं सारखं केलं. "फिरतीवर आहे."

साहेब खूश झाला. आपल्या खात्यात कुणीतरी फिरतीवर जातं, हेच त्याला नवीन होतं. पुढे मामा निवृत्त होईपर्यंत दर अहवालात कोंबडा फिरतीवरच राहिला; मग अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मामांच्या तेराव्याला पेच्ची आली, केस पिकलेले, डोक्यावर त्याच विहिरीची भरलेली घागर. ती उंबऱ्यावर ठेवून मला हळूच म्हणाली, "रायर, दोघांपैकी कुणीही मेलं असं कागदावर लिहू नका."

ते सरकार जाईपर्यंत मी लिहिलं नाही.