मूळ दिसतं तिथं ऑफ

"ए मेंढरावाली, उभी राहा," सर म्हणाले, आणि माझी पोरगी उभी राहिली.

ती वर्गात चपलांजवळ बसायची. ताडकळसला सरांच्या माडीवर इंग्रजीचा क्लास चालतो. मी त्यांच्या घरी झाडलोट करायची, भांडी घासायची. त्या बदल्यात पोरीला बसू द्यायचे. त्या दिवशी मी जिना पुसत होते. दार उघडंच होतं.

सर शिकवत होते, वस्तू कशाची झाली हे सांगताना ऑफ कधी लावायचं आणि फ्रॉम कधी. टेबलात लाकूड दिसतं, तिथं ऑफ. दह्यात दूध ओळखू येत नाही, तिथं फ्रॉम. मी चौथी शिकलेली, तरी मला समजलं. बरं वाटलं.

मग सरांनी पोरीकडं बोट केलं. "हिला कितीही शिकवा, मेंढरं दिसतातच. वासही येतो. मग हिला काय लावायचं?"

"ऑफ!" सगळी पोरं ओरडली. एकानं बें केलं.

"आता तूच म्हण," सर हसत म्हणाले. "आय अ‍ॅम मेड ऑफ शीप. मोठ्यानं."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. तिचे ओठ हलायला लागले. ती म्हणणार होती. त्याचीच मला भीती वाटली. मीही जन्मभर लोक सांगतील ते म्हणत आले.

"म्हणू नकू!"

त्या घरात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. फडकं जिन्यावर टाकलं, पोरीचा हात धरला, खाली उतरले.

सर वरून शांतपणे म्हणाले, "मेंढरं कुणाच्या रानात बसतात, ध्यानात ठेव."

त्यांच्याच रानात बसतात. खत त्यांना, चारा आम्हाला. संध्याकाळी त्यांचा गडी मोटारसायकलवर आला. मेंढरांच्या जाळीभोवती सावकाश फिरला. कुत्री भुंकून थकली. "पोरीनं समद्यांम्होरं ते वाक्य म्हणावं, मंग बघू म्हणलेत सर," एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी परत आला. नुसता फिरून गेला. आज सकाळी जाळी एका अंगानं कापलेली दिसली.

माझा माणूस म्हणतो, "आगं, म्हणू दे की एकदा. काय झिजायलंय तिचं? मेंढरं कुठं नेऊ मी?"

कुठं नेणार, मलाही माहीत नाही.

पोरगी म्हणाली, "माय, म्हणून टाकते."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

रान गेलं तर जाऊ दे. उद्या मी मेंढरं घेऊन पूर्णेच्या वाटेला लागणार. माणूस आला तर त्याच्यासंगं, नाही तर पोरीला घेऊन एकटी. ते वाक्य ती म्हणणार नाही.