रोटरची डावी प्रदक्षिणा

आमच्या गावच्या देवीची पालखी चैत्र पौर्णिमेला ज्या जुन्या पेट्रोल ट्रकवरून निघते, तो माझ्या वडिलांचा. गाडी चालते आहे तोवर पालखी तिच्यावरूनच निघेल, हा त्यांचा नवस. यंदा फाल्गुनात गाडी बंद पडली आणि यात्रेच्या मंडळींनी ट्रॅक्टर सांगून ठेवला. "आबा, अष्टमीपर्यंत चालू झाली तर तुमचीच गाडी," त्यांनी मला सांगितले, "न्हाई तर राग मानू नका." रागाचे कारण नव्हते. परंतु नवस माझ्या हातून मोडावा, हे मला मान्य नव्हते.

शिरूरच्या शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. गाडी चालवायला वडिलांनी शिकवले होते, दुरुस्त करायला नाही. ते काम दौंडचे आप्पा, रेल्वेतले फिटर, सुट्टीच्या दिवशी येऊन करीत. ते आता निवृत्त आहेत आणि त्यांच्या हातांना कंप आहे.

"आप्पा, जमेल का?" मी विचारले.

"डोकं माझं, हात तुमचं. मग जमंल, गुरुजी."

दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये होता. त्याच्या मधल्या दांड्यावर रोटर फिरतो आणि सहाही सिलिंडरांना क्रमाने ठिणगी देतो. दांडा बुशात, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या नळीत, सैल झाल्यामुळे ठिणगी अवेळी पडत होती. मी अख्खा डिस्ट्रिब्युटर उपरण्यात गुंडाळून एसटीने दौंडला नेला. आप्पांच्या ओट्यावर बसून एकेक भाग रॉकेलने धुतला. कारेगावच्या लेथवाल्याकडून नवा बुश बसवून आणला. मग पॉइंटमधली, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन टोकांमधली, फट जुळवायची होती. तिच्यात पोलादी पट्टी घालून आप्पा स्वतः ओढून पाहत आणि म्हणत, "परत."

"आता काय राहिले?"

"लोण्यातनं सुरी जाती तशी जाती ही. मिटल्या वहीतनं कागद वढल्यावानी अडली पायजे."

मी परत स्क्रू सैल केला. दुपार टळेपर्यंत 'परत' हाच एक शब्द ऐकला. अखेरीस पट्टी अडली.

गावी येऊन मी डिस्ट्रिब्युटर बसवला आणि आप्पांनी लिहून दिलेल्या क्रमाने वायरी जोडल्या: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. स्टार्टर मारताच गाडीने दोन उचक्या दिल्या आणि कार्बुरेटरमधून मोठा बार काढला.

"आबा, यात्रंला तोफ आणली व्हय?" पारावरून कोणी तरी ओरडले.

तीन दिवस मी फट पुन्हा मोजली, पॉइंट पुन्हा पुसले. बार तेवढेच निघाले. सप्तमीला दौंडला फोन केला. अष्टमीच्या सकाळी आप्पा स्वतःच एसटीतून उतरले.

त्यांनी झाकण काढायला लावले आणि मला हँडल फिरवायला सांगितले. रोटर सावकाश डावीकडे सरकला.

"वायरी कुठल्या अंगानं लावल्या?"

"उजव्या."

"का?"

देव, तुळस, पिंपळ, होमाचा अग्नी, सर्वांभोवती मी जन्मभर उजवीकडूनच फिरलो. हात आपसूक तसाच गेला. विचारावे असे मनातही आले नाही. ते सांगितले तेव्हा आप्पा मडगार्डला धरून हसले.

"आमच्या विहारातबी उजवीकडनंच फिरत्यात, गुरुजी. पर मी तिथं वायरी न्हाई जोडत!"

पहिली आणि सहावी समोरासमोर असल्याने तेवढ्याच योग्य जागी पडल्या होत्या. उचक्या त्यांच्या होत्या. उरलेल्या चार मी काढून फिरवून लावल्या. गाडी सुरू झाली. मग बुडाशी आवळलेला पट्टा सैल करून मी डिस्ट्रिब्युटर केसाएवढा फिरवू लागलो आणि आप्पा मडगार्डवर तळवा टेकून डोळे मिटून उभे राहिले.

"पुढं... जास्ती झालं... माघारी... बास. आवळा."

त्यांचा हात थरथरत होता. कंप हाताचा की इंजिनाचा, मला कळेना.

पौर्णिमेला मी त्यांना आग्रहाने बोलावले. "पालखीसाठी न्हाई, आवाज ऐकाय येतो," असे बजावून ते आले आणि माझ्या शेजारी बसले. मागे पालखी ठेवली गेली. गाडी देवळाला उजवा फेरा घालू लागली. गाभाऱ्याचे दार समोर आले आणि वडिलांच्या आठवणीने माझे दोन्ही हात जोडले गेले.

"गुरुजी," शेजारून आवाज आला, "हात ष्टेरिंगवर."